मिशी आणि परतीची मॅच

मँचेस्टरमध्ये पाट्यावर वरवंटा चालल्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला वाटलं आपण झोपेतच गेलो.

दुपारची वेळ होती. लेकीच्या घराच्या मागच्या अंगाला काचेची खोली आहे. तिथं वेताच्या खुर्चीत माझा डोळा लागला होता. इथलं उन्हाळ्यातलं ऊन म्हणजे पाणी घातलेलं दूध. अंगावर पडतं, पण लागत नाही. त्या उन्हात कुठूनतरी खर्र... खर्र... दगडावर दगड. मध्येच ओल्या मिरचीचा वास. मी डोळे मिटूनच म्हटलं, "जरा जाडसर ठेव गं." हे वाक्य मी जन्मभर म्हणत आलो, कारण मला ठेचा जाड लागतो. उत्तर आलं नाही. मग आठवलं, उत्तर देणारी जाऊन वर्ष झालं.

आवाज मात्र चालूच होता. मेलेल्या माणसाला वास येतो का, ठाऊक नाही, पण ठसका काही लागत नसावा. मला लागला. तेव्हा समजलं, आपण अजून आहोत.

उठून कुंपणाशी गेलो. पलीकडच्या परसात डोक्याला फेल्ट हॅट घातलेला एक म्हातारा गुडघ्यांवर बसला होता. पुढ्यात सपाट पाटा. त्यावर अर्धचंद्रासारखा जाड दगड. आपला वरवंटा पुढंमागं जातो, त्याचा इकडून तिकडं झुलायचा, पाळण्यासारखा. खाली टोमॅटो आणि लालबुंद मिरच्या. त्यानं मला बघितलं, चमच्याच्या टोकावर थोडं घेतलं आणि कुंपणावरून पुढं केलं. मी चाखलं.

"तिखट?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नाही म्हणजे नाही. तो हसला. आमची ओळख ती अशी झाली.

तो बोलिव्हियाचा. दक्षिण अमेरिकेत डोंगराच्या माथ्यावर एक शहर आहे, तिथला. इथं येऊन जन्मभर बस चालवली, आता एकटाच राहतो. त्याचं नाव माझ्या तोंडात बसेना, माझं त्याच्या. आमच्याकडं कुणालाही पाव्हणं म्हणतात, मग मी त्याला पाव्हणं म्हणायला लागलो. त्याला वाटलं, ओळखीच्या माणसाला हाक मारायची ही आमची रीत. तोही मला पाव्हणं म्हणायला लागला. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळं अडायचं नाही. चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांशीच माझं अडतं.

मी कोल्हापूरचा. चौथी पास. पाचवीत बसलो होतो, पण पाचवीनं मला ठेवून घेतलं नाही. पुढं फौंड्रीत मोल्डर झालो, काळ्या वाळूत साचे दाबण्यात वय गेलं. त्याची मला लाज नाही. माझ्या हातच्या साच्यातली इंजिनं अजून कुठं कुठं पाणी उपसत असतील. एकुलती एक लेक शिकली, नर्स झाली, इथल्या हॉस्पिटलात लागली, पुण्याच्या मुलाशी लग्न केलं. बायको गेल्यावर लेक मागंच लागली, की आबा, सहा महिने तरी या. लेकीच्या घरी राहणं आमच्यात कमीपणाचं. म्हणून येतानाच सांगितलं होतं, की मी पाव्हणा म्हणून येतोय आणि परतीचं तिकीट माझ्या खिशात राहील. ते अजून तिथंच आहे.

एक गोष्ट मात्र मी कोल्हापूरहून भरून आणली होती, ती म्हणजे फुटबॉल. बाहेरच्यांना ठाऊक नसेल, पण आमच्या गावात फुटबॉल हा पेठापेठांतला मामला आहे. माणूस कुठल्या पेठेत जन्मला, तालीम कुठली, त्यावर त्याचा संघ ठरतो. तो बदलता येत नाही, बाप बदलता येत नाही तसाच. तरुणपणी मी आमच्या पेठेचा गोलकीपर होतो. इथं मँचेस्टरात दोन मोठे क्लब, एक लाल आणि एक निळा. ट्राममध्ये, दुकानात, जावयाच्या मित्रांत जो तो विचारणार, "आबा, रेड की ब्ल्यू?" मी म्हणायचो, "आमची पेठ तुमच्या यादीत नाही." त्यांना तो विनोद वाटायचा.

मिशीचंही सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माझी मिशी भरघोस. आता पांढरी झाली, तरी दोन्ही टोकं वर असतात. बायको दर रविवारी ती कातरून द्यायची. ब्लाउज शिवायची तिची छोटी कात्री होती, तिनं. न्हाव्याला हात लावू द्यायची नाही. आमच्यात मिशी उतरते ती घरातलं माणूस गेल्यावर. माझी आजवर तीनदा उतरली. वडील गेले तेव्हा, आई गेली तेव्हा, आणि ती गेली तेव्हा. मुलगा नाही, म्हणून तिला अग्नी मीच दिला आणि दहाव्याला घाटावर न्हाव्यापुढंही मीच बसलो. तेव्हा लेकीचा व्हिसाचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडून होता. देश सोडला असता तर परत येण्याची वाट बंद झाली असती. ती आली नाही. मीच म्हटलं, येऊ नको. तिनं सगळं फोनवर बघितलं. माझं तोंडही.

तर ऑगस्टातल्या एका सकाळी पाव्हण्यानं मला बोलावलं. त्याच्या गावाचा संघ दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या कपात बाद फेरीत पोचला होता. त्या कपाचं नाव लिबर्तादोरेस. म्हणजे देश सोडवणारे, स्वातंत्र्य मिळवून देणारे. त्या खंडातल्या साऱ्या देशांतले निवडक क्लब त्यात उतरतात. मॅच तिकडं संध्याकाळनंतर होते, तोवर इथं सगळे झोपलेले. म्हणून पाव्हणा ती टीव्हीखालच्या पेटीत रेकॉर्ड करून ठेवायचा आणि सकाळी चहा घेऊन बघायचा. त्याचा नियम एकच. बघून होईतो स्कोअर कुणाकडून ऐकायचा नाही. दारातून येताना फोन बाहेर ठेवायचा आणि कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही.

पहिली मॅच ब्राझीलमध्ये, समुद्राकाठच्या एका शहरात होती. पाव्हण्याची पोरं डोंगरावरून खाली उतरलेली, दमट हवेत घामानं निथळत होती. तीन गोल खाल्ले. एकही केला नाही. मी गोलकीपर होतो, मला कळतं. तिसऱ्या गोलाला त्यांचा कीपर जागचा हललासुद्धा नाही. शिट्टी वाजली. मी पाव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी गेल्यावर ठेवतात तसा.

"जाऊ द्या पाव्हणं," मी म्हटलं. "पुढच्या साली बघू."

त्यानं चहा ओतला. "पुढच्या आठवड्यात," तो म्हणाला.

"काय पुढच्या आठवड्यात?"

"पुढच्या आठवड्यात आम्ही जिंकू."

मला वाईट वाटलं. बाद फेरीत हरला तो बाहेर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या गावात सगळ्या पेठा एकाच मैदानावर खेळतात. तिथं घरचं आणि परगावचं असलं काही नाही. हरलेला संघ त्या संध्याकाळी मान खाली घालून आपल्या गल्लीत जातो. दार लावून घेतो. विषय संपला. मला वाटलं, म्हाताऱ्याला हार पचेना झाली. मी समजावलं, तो हसत राहिला. मी पुन्हा समजावलं. तो म्हणाला, "पाव्हणं, तुम्हाला फुटबॉल कळतो का?"

हे मला, पेठेच्या गोलकीपरला!

मी उभा राहिलो. मिशीला पीळ दिला. म्हटलं, "तुमचा हा संघ या कपात पुढं गेला, तर मिशी उतरवीन. भुंड्या तोंडानं फिरेन तुमच्या समोर."

शब्द गेला. पाव्हण्यानं माझ्या मिशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याचं हसू गेलं. "नको," तो म्हणाला. "असं नका बोलू. अजून एक मॅच आहे."

"कसली?"

"परतीची. आमच्या गावात."

तेव्हा मला कळलं. त्या कपात बाद फेरीतही दोन दोन मॅच असतात. एक त्यांच्या गावात, एक आपल्या. दोन्हींचे गोल मिळून ज्याचे जास्त, तो पुढं. मी घरी आलो तो मागच्या दारानं.

रात्रीच्या जेवणाला विषय निघालाच. जावयांना पाव्हण्यानंच रस्त्यात गाठून सांगितलं होतं, की तुमच्या सासऱ्यांना समजवा, मी शब्दातून मोकळं केलंय.

"अहो आबा," जावई म्हणाले, "सेकंड लेग असतो त्यात. तुम्हाला ते माहिती नव्हतं. मिसअंडरस्टँडिंग झालं, विषय संपला. ते काय लीगली बाइंडिंग आहे का?"

"पुण्यात नसेल," मी म्हटलं.

"म्हणजे चुकून बोललात तरी?"

"बोललो ना? मग झालं."

लेक पोळी भाजत होती. ती वळली नाही. तव्याकडं बघतच म्हणाली, "मिशी नाही, आबा."

"आगं, कुठं उतरतेय! तीन गोल आहेत अंगावर त्यांच्या."

"तीन असोत नाहीतर तेरा. मला तो चेहरा परत बघायचा नाही." पोळी करपत होती, ती उलटत नव्हती. "एकदा बघितलाय मी. एकटीनं. या टेबलाशी बसून."

जावयांनी उठून गॅस बंद केला.

एकीकडं माझा शब्द, एकीकडं लेक. दोन्ही राखायचे तर वाट एकच होती, पाव्हण्याचा संघ हरायला पाहिजे. मी मनातल्या मनात ब्राझीलवाल्यांचा झालो. जो माणूस लाल-निळ्यात पडला नाही, तो मिशीपायी समुद्राकाठच्या पोरांचा झाला.

तो आठवडा मला आठवतो तो धुक्यासारखा. रोज दुपारी पाव्हण्याच्या परसात जाऊन बसायचो. माघार घ्यायला नव्हे, नेमकं काय पुढ्यात वाढून ठेवलंय ते समजून घ्यायला. त्यानं परसात बटाटे लावले होते. जांभळे, पिवळे, गाठाळ, नाना तऱ्हेचे. ते उपटून त्यानं गवतावर मांडले आणि मला अख्ख्या वर्षाचा कप समजावला.

"हे फेब्रुवारीतले," त्यानं बारके बटाटे एकीकडं लोटले. काही संघांना आधी आपसांत लढून आत यावं लागतं. त्यात बहुतेक गळतात. मग त्यानं मोठे घेतले. "हे ब्राझील. हे अर्जेंटिना." त्यांचे बटाटे सगळ्यांत जास्त. लहान देशांना थोडे. गेल्या खेपेचा विजेता असतोच. धाकट्या कपाचा विजेताही असतो, कारण त्या खंडात एक धाकटा कपही आहे. मग त्यानं चार वाडग्यांत बटाटे टाकले. ताकदवान एका वाडग्यात, त्याच्या खालचे दुसऱ्यात, असं करत. प्रत्येक वाडग्यातून एकेक उचलत गवतावर आठ ओळी केल्या, ओळीत चार. एकाच देशातले दोन थेट आलेले एका ओळीत येऊ द्यायचे नाहीत.

"हे कशाला?" मी विचारलं.

"घरातली भांडणं घरात बरी."

हे मला पटलं. आमच्या गावाला हा नियम लावला, तर मॅचच व्हायच्या नाहीत.

ओळीतले चौघे एकमेकांशी दोनदोनदा खेळतात. एकदा याच्या गावात, एकदा त्याच्या. वरचे दोघे पुढं जातात. तिसऱ्याला हाकलून देत नाहीत, त्याला धाकट्या कपात धाडतात. चौथा घरी. पाव्हण्यानं चौथे बटाटे उचलून भाजायला नेले. आम्ही ते मीठमिरचीशी खाल्ले. कुठल्या देशाचं कोण खाल्लं, कळलं नाही.

उरलेल्या सोळांच्या जोड्या लागतात. जो आपल्या ओळीत पहिला आला, त्याला मान म्हणून परतीची मॅच घरी मिळते. पाव्हण्याचा संघ पहिला आला होता. आणि त्याचं घर म्हणजे कुठं? तो आकाशाकडं बोट करायचा. तिथं हवा इतकी पातळ असते म्हणे, की खालून आलेला माणूस जिना चढला तरी धापा टाकतो. चेंडू हवेतून सुरीसारखा कापत जातो. पाहुण्या संघाचे लोक बाकाशेजारी ऑक्सिजनच्या नळकांड्या ठेवतात. "खाली आम्ही मासे," पाव्हणा म्हणाला, "काठावर पडलेले. वर ते."

"आणि दोन्हीकडचे गोल सारखे झाले तर?"

"थेट पेनल्टी. जादा वेळ नाही. जादा वेळ फक्त फायनलला."

फायनल मात्र एकच असते, हे त्यानं शेवटी सांगितलं. आधीच ठरवलेल्या एका शहरात. तिथं कुणाचंच घर नाही आणि परतीची मॅच नाही. तसा एकच बटाटा त्यानं बराच वेळ हातात धरला. मग म्हणाला, आमच्या डोंगरावरून तिथवर कुणी पोचलेलं नाही. कपाला लाकडी बैठक असते. त्यावर जिंकणाऱ्याच्या नावाची धातूची पट्टी ठोकतात. त्याला ती बैठक एकदा बोटांनी चाचपून बघायची होती. बस चालवणारा माणूस होता, पण ते सांगताना त्याचे डोळे बाईसारखे ओले झाले. मी दुसरीकडं बघितलं. आपला शब्द या माणसाच्या हरण्यावर टांगलाय, हे मला त्या क्षणी बोचलं.

दुपारी काचेच्या खोलीत डोळा लागला की मी तिथं वर असायचो. आमच्या गावचं मैदान कुणीतरी अलगद उचलून बर्फाच्या डोंगरांमध्ये ठेवलेलं. लाल माती तीच. भोवती पेठांची माणसं, पण तोंडातून आवाज निघत नाही, नुसती वाफ निघते. मी गोलात उभा. चेंडू येतोय, पण पोचत नाही, पिसासारखा तरंगतोय. आणि गोलाच्या मागं बर्फावर ती बसलेली, पुढ्यात पाटा. मी म्हणतो, "थंडी वाजेल, शाल घे." ती म्हणते, "तुम्ही पुढं बघा." एवढंच. मी पुढं बघतो, तर पुढं काही नाही, निळंनिळं आभाळ. जाग आली की हात मिशीवर असायचा.

मॅचच्या सकाळी जावई स्वयंपाकघरात होते. त्यांच्या तोंडावर स्कोअर छापून येतो, म्हणून मी वर्तमानपत्र आडवं धरून भिंतीकडं तोंड करून चहा प्यालो. "आबा, मी काही बोलत नाहीये," ते म्हणाले. "बोलूही नका, बघूही नका," मी म्हटलं आणि मागच्या दारानं निघालो.

पाव्हण्यानं हॅट घातलेलीच होती, घरातसुद्धा. आम्ही बसलो तोच दार वाजलं. लेक. रात्रपाळी करून परस्पर आलेली, अंगावर नर्सचा निळा ड्रेस, वर कोट. आली आणि माझ्या शेजारी सोफ्यावर बसली. मी चोरून तिच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. तिचं तोंड हॉस्पिटलात तयार झालंय. कुणाला काय सांगायचं आणि कधी, ते त्याला ठाऊक आहे.

"झोपायचं नाही का?" मी विचारलं.

"झोपेन. बघू द्या की."

आणि ते गाव दिसलं. स्वप्नात होतं तसं नव्हे, तरी तसंच. वाटीसारख्या दरीत घरंच घरं, दिवे डोंगरावर चढत गेलेले, आभाळात कुठं मिसळले ते कळत नव्हतं. पहिला गोल लगेच झाला. कुणीतरी लांबून मारला, खाली समुद्राकाठी जो चेंडू आडव्या दांड्यावरून गेला असता तो इथं कोपऱ्यात शिरला. पाव्हण्यानं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. मध्यंतरानंतर ब्राझीलची पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहायला लागली. दुसरा झाला. मी मनात म्हणत होतो, बाबांनो, पळा. माझ्या लेकीकडं बघून तरी पळा. शेवटाला, सगळे गोलासमोर गोळा झालेले असताना, तिसरा. तीनास तीन.

पेनल्टी.

आता हे माझ्या हाताबाहेरचं आहे. मी एवढंच सांगतो की मी गोलकीपर होतो. मारणारा चालत येतो, चेंडू ठेवतो, मागं जातो. तोवर त्याच्या पायाची बोटं सांगून टाकतात. ब्राझीलचा शेवटचा मारणारा आला, तो चुकला की पाव्हण्याचा संघ पुढं. मी त्याचे बूट बघितले. मिशी विसरलो, लेक विसरलो. सोफ्यावरून उठलो आणि ओरडलो, "डावीकडं! डावीकडं घे रे!" माझा आवाज तिथं कसा पोचणार, मॅच तर कधीच संपलेली होती. पण पाव्हण्याचा कीपर डावीकडं झेपावला, चेंडू त्याच्या मुठींवर आदळून बाहेर गेला, आणि मी दोन्ही हात वर करून नाचलो. पाव्हणा मला मिठी मारत होता. मीही त्याला मारत होतो.

मग माझा हात तोंडाकडं गेला.

लेक बसूनच होती. टीव्हीकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"पहाटे ब्रेकमध्ये बघितलं फोनवर."

"आणि बसून राहिलीस दोन तास!"

"तुम्ही नाचाल असं नव्हतं वाटलं."

पाव्हण्यानं हॅट छातीशी धरली. "पाव्हणं, ऐका," तो म्हणाला. "माझ्या घरात झालेली गोष्ट. मी सोडली."

"तुम्ही सोडाल. मी कशी सोडू?" मी म्हटलं. लेकीकडं बघायचं धाडस होईना. "टाऊनमधल्या न्हाव्याकडं जाऊन येतो. तू झोप जा. उठशील तेव्हा तोंडाला मफलर गुंडाळून बसेन, महिनाभर."

ती उठली. "न्हाव्याकडं नाही," ती म्हणाली. "घरी चला."

काचेच्या खोलीत तिनं मला वेताच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल खोचला. मी बॅगेतून कात्री आणून दिली. तिच्या आईची, ब्लाउजांची. कोल्हापूरहून आणलीय हे तिला माहीत नव्हतं. तिनं ती उघडून मिटून बघितली. जावई कोमट पाणी घेऊन आले, आम्हा दोघांकडं बघितलं आणि दार ओढून गेले. माणूस चांगला आहे, पुण्याचा असला तरी.

"मान वर करा. बोलू नका. वॉर्डात रोज म्हाताऱ्यांच्या दाढ्या करते मी, तुमचं काही नवीन नाही."

कात्री चालायला लागली. कुच, कुच. मांडीवर पांढरे केस पडत होते. ऊन तेच, पाणचट. काचेच्या पलीकडं पाव्हण्याची हॅट कुंपणावर नुसती दिसायची आणि खाली जायची. माझे डोळे मिटायला लागले. कुणाचा हात आहे, हे मध्येमध्ये कळेनासं व्हायचं.

"आईच्या वेळी कुणी केलं?" तिनं विचारलं.

"घाटावरच्या न्हाव्यानं."

"रडलात?"

"न्हाव्यासमोर?"

ती फेस लावत होती. हात थांबला. "तेव्हा फोनवर नेट गेलं. तुमचं तोंड तसंच अडकून राहिलं. वरचा ओठ उघडा, काहीतरी बोलायला निघालेला. मी फोन बंदच केला नाही. वाटलं, बंद केला तर तुम्हीही..." वस्तरा फिरवायला लागली, हलक्या हातानं, वरून खाली. "काय बोलत होता तुम्ही?"

मला आठवत नव्हतं, आणि तिला खोटं काही सांगवेना. "जेवलीस का, असंच काहीतरी असेल," मी म्हटलं.

तिनं ओल्या कापडानं तोंड पुसलं. समोर बसली, उकिडवी, लहानपणी बसायची तशी. बघत राहिली. एका बोटानं माझा वरचा ओठ चाचपला. मला गुदगुल्या झाल्या, तोंड वेडंवाकडं झालं.

"हलतंय," ती म्हणाली. हसायला लागली आणि हसता हसता तिनं माझ्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. रात्रभर जागलेली होती. तिथंच झोप लागली तिला. मी हललो नाही. पाय बधिर झाला, तरी नाही.

जाग आल्यावर ती वर जाऊन नीट झोपली. मी बाहेर गेलो. पाव्हणा कुंपणाशीच होता. बघितलं, पण हसला नाही. नुसती मान झुकवली. मग पाट्याशी गेला.

"पुढची मॅच कुणाशी?" मी विचारलं.

"जोड्या आधीच ठरल्यात. या खेपेला पहिली वर, परतीची खाली. समुद्राकाठी."

"म्हणजे आमची पोरं दमणार."

तो थांबला. "आमची?"

वरच्या खिडकीतून लेकीचा झोपाळू आवाज आला, "आबा, या वेळी कुणाला काही बोलू नका हं!"

"कोण बोलतंय!" मी वर तोंड करून म्हटलं आणि पीळ द्यायला हात नेला. तिथं काहीच नव्हतं. तरी दिला.